एकवीस पानांचा उशीर

एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य काढायचे तर काय काय पाहावे, याची यादी मीमांसकांनी करून ठेवली आहे: उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात ती उलगडून दाखवली आहे. साध्या मराठीत सांगायचे तर ग्रंथ सुरू कुठे होतो नि संपतो कुठे, पुन्हापुन्हा काय म्हणतो, नवे काय म्हणतो, पदरात काय टाकतो, ठसवण्यासाठी काय बोलतो आणि मुद्दा पटवतो कसा. मीमांसा हे मुळात विधिवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र. तेव्हा ही फूटपट्टी निकालपत्राला लावली तर त्यात वावगे काही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले एक निकालपत्र मी गेली काही वर्षे अधूनमधून वाचत आलो आहे. ते हरलेले निकालपत्र आहे, म्हणजे अल्पमताचे. ते मनातून का जात नाही, हे या फूटपट्टीने मोजून पाहावे असे वाटले.

खटला ‘मॅकक्लेस्की विरुद्ध झँट’. निकालाची तारीख १६ एप्रिल १९९१, मते सहा विरुद्ध तीन. बहुमताचे निकालपत्र न्या. अँथनी केनेडी यांचे. भिन्नमत न्या. थर्गुड मार्शल यांचे, आणि त्यात न्या. ब्लॅकमन व न्या. स्टीव्हन्स सामील. प्रश्न एका ओळीचा होता. शिक्षा झालेल्या कैद्याने हेबिअस कॉर्पसची याचिका एकदा केली, ती फेटाळली गेली. आता तो नवा मुद्दा घेऊन दुसऱ्यांदा दारात उभा आहे. त्याला आत घ्यायचे का?

आधी शीर्षकच पाहा. यात ‘जॉर्जिया सरकार’ कुठे नाही. झँट हे तुरुंगाचे अधीक्षक. हेबिअस कॉर्पस या लॅटिन शब्दांचा मतलबच ‘देह घेऊन ये’ असा असल्याने, देह ज्याच्या ताब्यात त्याचे नाव प्रतिवादी म्हणून येते. चार वर्षांपूर्वी याच कैद्याचा याच न्यायालयातला खटला ‘मॅकक्लेस्की विरुद्ध केम्प’ होता. केम्प हेही त्याच तुरुंगाचे अधीक्षक. साहेब बदलत गेले, कोठडीतला माणूस तोच राहिला. मराठीत आपण या रिटला बंदिप्रत्यक्षीकरण म्हणतो. शब्द लांबलचक, पण लॅटिनपेक्षा एक पाऊल पुढे गेलेला. लॅटिन शब्द देह मागतो, आपला शब्द बंदी ‘प्रत्यक्ष’ करायला सांगतो, म्हणजे डोळ्यांसमोर आणायला. देह हजर होऊनही माणूस दिसत नाही, असे होऊ शकते. या खटल्यात तेच झाले.

मराठी वाचकाला हेबिअस कॉर्पस म्हटले की आणीबाणी आठवते: विनाचौकशी स्थानबद्धता, १९७६ चा जबलपूर खटला, न्या. हंसराज खन्नांचे एकट्याचे भिन्नमत. जुन्या इतिहासात रमणाऱ्यांना १८२८ मधला पुण्याचा मोरो रघुनाथ आठवेल. त्या मुलासाठी मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने रिट काढले, गव्हर्नर माल्कमनी ते बजावू दिले नाही, आणि संतापलेल्या न्या. ग्रँट यांनी कोर्टालाच टाळे ठोकले. हे सगळे खटल्याआधीच्या किंवा खटल्याविना झालेल्या कैदेचे. अमेरिकेत मात्र १८६७ च्या कायद्यानंतर या रिटला दुसरी वाट फुटली. राज्याच्या न्यायालयाने रीतसर शिक्षा दिलेला कैदीही संघीय न्यायालयात जाऊन म्हणू शकतो, की माझी शिक्षा राज्यघटना मोडून झाली आहे. अपील हरल्यावर उरलेला हा शेवटचा दरवाजा. त्यावर थाप किती वेळा मारायची, हा वाद त्यातूनच आला.

आता हकिगत. १३ मे १९७८ रोजी अटलांटातल्या डिक्सी फर्निचर स्टोअरवर चौघांनी दरोडा घातला. इशारा मिळून धावत आलेला एक पोलीस अधिकारी गोळी लागून मेला. चौघांपैकी एक वॉरन मॅकक्लेस्की. दरोड्यात आपण होतो, हे त्याने पोलिसांपाशी कबूल केले. गोळी आपण झाडली, हे नाही. खटल्यात एका साथीदाराने त्याच्याकडे बोट दाखवले, बंदुकीबद्दलचा पुरावा आला, आणि शेवटी तुरुंगात शेजारच्या कोठडीत असलेला एक कैदी उभा राहिला. गोळी मीच मारली, अशी फुशारकी याने माझ्यापाशी मारली, असे त्याने सांगितले. ज्यूरीत अकरा गोरे, एक काळा. आरोपी काळा, मेलेला अधिकारी गोरा. शिक्षा मृत्युदंडाची.

पहिली संघीय याचिका १९८१ ची. तिच्यातला एक मुद्दा जगभर गाजला. जॉर्जियातल्या दोन हजारांहून अधिक खून खटल्यांचा अभ्यास प्रा. डेव्हिड बाल्डस आणि सहकाऱ्यांनी केला होता. मेलेला माणूस गोरा असेल तर मारेकऱ्याला मृत्युदंड होण्याची शक्यता, इतर घटक हिशेबात घेऊनही, ४.३ पट असल्याचे त्यात दिसले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. आकडे खरे धरले तरी या खटल्यात, या माणसाच्या बाबतीत भेदभाव झाला हे त्यातून सिद्ध होत नाही, असे न्या. लुईस पॉवेल यांनी लिहिले. पॉवेल यांचे नाव वाचकाने लक्षात ठेवावे.

त्याच वर्षी, दुसऱ्या याचिकेच्या तोंडावर, मॅकक्लेस्कीच्या वकिलांच्या हाती एक कागद लागला. शेजारच्या कोठडीतल्या त्या कैद्याचा पोलिसांपुढचा जबाब, तारीख १ ऑगस्ट १९७८, पाने २१. नऊ वर्षे तो सरकारदरबारी पडून होता. त्यात काय होते? साथीदाराचा आपण काका लागतो अशी थाप मारून मॅकक्लेस्कीचा विश्वास कसा मिळवला, त्याला बोलते कसे केले, याचा तपशील. पुढे सुनावणीत तुरुंगाचा त्या वेळचा एक अधिकारीच साक्षीला आला. या कैद्याला मॅकक्लेस्कीशेजारच्या कोठडीत हलवा अशी विनंती आपल्याला झाली होती, असे तो म्हणाला. अमेरिकेत १९६४ पासून नियम आहे, की आरोप ठेवल्यानंतर वकिलाच्या अपरोक्ष सरकारने हस्तकाकरवी आरोपीला बोलते करायचे नाही. जिल्हा न्यायाधीश ओवेन फॉरेस्टर यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि १९८७ च्या डिसेंबरमध्ये दोषसिद्धी रद्द ठरवली. वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. मुख्यतः, मुद्दा पहिल्या याचिकेत का नव्हता, यावर. असे प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आले.

केनेडींचे निकालपत्र आधी वाचायला हवे, कारण मार्शल यांचा प्रत्येक घाव त्याच्यावर बेतलेला आहे. आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत केनेडी अभिधेत लिहितात. शब्दाचा सरळ अर्थ, त्यापलीकडे काही नाही. ‘रिटचा गैरवापर’ ही संकल्पना कशी आली, इथून ते सुरू करतात. जुन्या काळी एका न्यायाधीशाने रिट नाकारले तर दुसऱ्याकडे जाता येई. पुढे अपिलाची सोय झाली तशी ही मोकळीक आवळत गेली. १९२४ चे दोन निकाल, १९४८ चा, १९६३ चा. आवाज कुठे चढत नाही. घाट उतरणाऱ्या एसटीसारखे त्यांचे गद्य एका लयीत वळणे घेत खाली येते, आणि तळाशी पोहोचल्यावर कळते की आपण वेगळ्याच गावात उतरलो आहोत. ते गाव म्हणजे नवा नियम. दुसऱ्या याचिकेत नवा मुद्दा आणायचा तर तो आधी न आणण्यामागे बाहेरचे, सबळ कारण दाखवा, आणि त्याने तुमची हानी झाली हेही दाखवा. ते जमत नसेल तर आपण निर्दोष असल्याचे वरकरणी तरी पटेल असे काही दाखवा. नाहीतर दार बंद.

केनेडींची बाजू लेचीपेची नाही. निकाल कधीतरी अंतिम व्हावा लागतो. वर्षे गेली की साक्षीदार पांगतात, आठवणी विरतात, फेरखटला नावापुरता उरतो. दर वेळी एक मुद्दा हातचा राखून ठेवायचा आणि फाशीच्या आदल्या रात्री काढायचा, असे होऊ लागले तर शिक्षेला अर्थ राहत नाही. आपणही हे अनुभवले आहे. २०१५ च्या जुलैत याकूब मेमनच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालय पहाटे तीननंतर बसले आणि काही तासांत नागपूरला फाशी झाली. त्या रात्री ‘आणखी किती वेळा?’ असे म्हणणाऱ्यांत १९९३ च्या मुंबईत माणसे गमावलेले लोकही होते. तो प्रश्न क्रूर म्हणून झटकून टाकता येत नाही. केनेडींच्या शांत गद्यात हीच थकलेली माणसे उभी आहेत, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पण त्यांची युक्ती जिथे प्रत्यक्ष या कैद्याला लागू होते, तिथे पाऊल अडखळते. केनेडी म्हणतात, शेजाऱ्याशी संभाषण मॅकक्लेस्कीनेच केले होते. म्हणजे ते त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. मग २१ पानांचा कागद हाती नव्हता, हे मुद्दा न मांडण्याचे कारण कसे होईल? पहिल्या वाचनात हे बिनतोड वाटते. दुसऱ्या वाचनात खटकते. तिसऱ्या वाचनाला मार्शल सोबतीला लागतात.

आता त्यांचा उपक्रम. मार्शल इतिहासाने सुरू करत नाहीत, कैद्याच्या करुण कहाणीनेही नाही. न्यायाधीशाने आपले काम कोणत्या शिस्तीत करावे याचे काही दंडक असतात, आणि आजचा निकाल ते दंडक सोडून दूर गेला आहे, असे त्यांचे पहिले वाक्य सांगते. पुढच्याच वाक्यात आरोप नेमका होतो. जुने तत्त्व फेकून देतोय याची ओझरती कबुलीसुद्धा न देता न्यायालयाने ‘गैरवापर’ या शब्दाचा अर्थ बदलून टाकला. १९६३ च्या सँडर्स निकालात न्या. ब्रेनन यांनी कसोटी घातली होती ती हेतूची: कैद्याने मुद्दा जाणूनबुजून मागे ठेवला होता का? प्रामाणिकपणे राहून गेला असेल तर दार उघडे. आताच्या कसोटीत हेतूला जागा नाही. चूक कोणाची, का झाली, याच्याशी कर्तव्य नाही. मुद्दा राहिला ना, मग भोगा. एका कसोटीत माणसाचे मन पाहिले जाते, दुसरीत फक्त आवक-जावक रजिस्टर.

इथे ‘गैरवापर’ हा शब्द जरा कानाजवळ नेऊन ऐकावा. वापर करणारा असतो तसा गैरवापर करणाराही कोणी असावा लागतो, आणि त्याचा काही हेतू असावा लागतो. अंधारात पाय घसरून पडलेल्याने जिन्याचा गैरवापर केला, असे आपण म्हणत नाही. केनेडींच्या नियमात हेतू गेला, तरी शब्द राहिला. मार्शल हे इतक्या शब्दांत फोडून सांगत नाहीत. पण दोन कसोट्या शेजारी ठेवण्याच्या त्यांच्या पद्धतीने ते ऐकू येते. व्यंजना म्हणतात ती हीच.

उपपत्तीचा भाग मला सर्वांत आवडतो, कारण इथे ते वकील म्हणून बोलतात. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयावर आलेले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, ही त्यांची ओळख सर्वांना असते. पण त्याआधी दक्षिणेतल्या गावोगावच्या कोर्टांत काळ्या आरोपींचे वकीलपत्र घेऊन हिंडण्यात त्यांचे उमेदीचे दिवस गेले होते. १९५४ च्या ब्राऊन खटल्यात शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवून घेणारे वकीलही तेच. कोठडीत काय चालते, कागद कुठे अडकतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. म्हणून केनेडींची ती बिनतोड वाटणारी कोटी ते अलगद सोडवतात. संभाषण झाले, हे कैद्याला ठाऊक होतेच. पण संभाषण होणे हा घटनाभंग नव्हे. घटनाभंग तेव्हा होतो जेव्हा समोरच्याला सरकारने पाठवलेले असते. ते ठाऊक होते सरकारला, आणि लिहिलेले होते त्या २१ पानांत. शेजारी काय बोलला ते माणसाला कळते. त्याला शेजारी कोणी आणून बसवले, ते कसे कळावे?

आणि विचारले नव्हते असेही नाही. पहिल्या फेरीत, राज्याच्या न्यायालयात, हा मुद्दा मांडून झाला होता. खटल्यातल्या सरकारी वकिलाला त्या कैद्याबद्दल विचारून झाले होते, आणि हाती ठोस काही लागले नव्हते. पुराव्याविना मुद्दा ताणू नये, म्हणून वकिलाने संघीय याचिकेतून तो गाळला. तेव्हाच्या नियमानुसार ते शहाणपणाचे होते. डाव निम्मा झाल्यावर नियम बदलला आणि शहाणपणाचा गुन्हा झाला. कागद दाबला एकाने, उशिराची शिक्षा दुसऱ्याला. आपल्याकडे याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. मार्शल यांचे इंग्रजी इतके गावरान नाही, पण आशय तोच आहे.

अर्थवाद म्हणजे ठसवण्यासाठी केलेली स्तुती किंवा निंदा. इथे निंदा भरपूर आहे, आणि तीच शैलीची परीक्षा ठरते. रौद्राचा स्थायीभाव क्रोध. तो शब्दांत सांडला की रसभंग होतो. मार्शल त्याला वाक्यरचनेत कोंडून ठेवतात. उपसंहार पाहा. बहुमताने आपल्या नियमाचे समर्थन ‘कायद्याच्या राज्याविषयी आदर’ या शब्दांत केले आहे, हा विरोधाभास ते आधी दाखवतात. मग म्हणतात, तो आदर कायदा सांगणाऱ्यांपासूनच सुरू व्हायला हवा. पुढे एक लांब वाक्य येते. पूर्वनिर्णय कारण न देता भिरकावले. संसदेची इच्छा डावलली. ज्यांनी कायद्याप्रमाणे वागायचे त्यांच्या रास्त अपेक्षा मोडल्या. आणि हे सारे अशा रीतीने, की सरकारच्या लबाडीला बक्षीस मिळावे. चार आरोप, एकाच श्वासात, चढत्या क्रमाने. पायऱ्या चढताना दम लागावा तसा वाचताना दम लागतो. मग शेवटचे वाक्य येते. रिटचा जो काही गैरवापर रोखायला हा निकाल दिला असेल, तो न्यायाधीशाच्या कामाचे दंडक मोडण्याचा जो गैरवापर बहुमताने केला आहे त्यापुढे फिका पडतो.

पहिल्या वाक्यातले ‘दंडक’ शेवटच्या वाक्यात परत आले. उपक्रम आणि उपसंहार जुळले. मधल्या पानांत मात्र एक शब्द कैद्याच्या अंगावरून उतरून न्यायासनावर जाऊन बसला. ‘गैरवापर’ करणारा कोण, हा प्रश्न सुरुवातीला कैद्याला विचारला होता. शेवटी त्याचे उत्तर बहुमताला द्यायचे आहे. लेखणी चालवणाऱ्या कोणालाही हेवा वाटावा असे हे काम आहे.

अपूर्वता शोधायला गेले तर गंमत दिसते. भिन्नमत म्हटले की आपल्याला बंडखोर, काळाच्या पुढचे काही अपेक्षित असते. इथे नवे काही सांगतात ते केनेडी, आणि जुने धरून ठेवतात ते मार्शल. सगळ्या निकालपत्रात ते एकच मागतात: होता तो नियम राहू द्या. निदान बदलताय हे तरी कबूल करा.

दोषही सांगायला हवेत. एरवी ते रसग्रहण नव्हे, आरती. कर्तव्यावर असताना मेलेला पोलीस या निकालपत्रात जवळजवळ नाहीच. कायद्याचा मुद्दा त्याच्याविना पुरा होत असेल, पण वाचकाच्या मनात ती जागा रिकामी राहते. दुसरे, ‘मग कधी थांबायचे?’ याला मार्शल यांचे उत्तर सँडर्सच्या कसोटीपलीकडे जात नाही. हेतू ओळखणे अवघड असते, ही केनेडींची अडचण ते फारशी मनावर घेत नाहीत. तिसरे, २१ पानांनी सरकारची लबाडी उघडी पडली तरी मॅकक्लेस्की निर्दोष ठरत नव्हता. केनेडी त्यावर बोट ठेवतात आणि ते चूक नाही. मार्शल यांचा भर वेगळीकडे आहे. त्यांच्या लेखी प्रश्न आरोपीच्या चारित्र्याचा नाही, त्याच्यावर खटला चालवणाऱ्याच्या चारित्र्याचा आहे. हा भर मला पटतो. पण तो भर आहे, पूर्ण उत्तर नव्हे.

आता अभ्यास, म्हणजे पुनरुक्ती. मीमांसकांच्या मते एखादी गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली जाते ते तिच्या महत्त्वाचे लक्षण. या कायद्यात नेमके उलट आहे. पुन्हा सांगणे हेच संशयाचे कारण. पहिल्यांदा आलास तेव्हा हक्क, दुसऱ्यांदा आलास तर गैरवापर. सप्टेंबरमध्ये मॅकक्लेस्कीचा शेवटचा स्थगिती अर्ज आला आणि बहुमताने तो फेटाळला. मार्शल यांनी तेव्हा मोजकेच लिहिले. त्यांचे म्हणणे असे की न्यायालयाने माणसाच्या जिवापेक्षा उरकण्याला अधिक किंमत दिली. त्याचे घटनात्मक हक्क वारंवार नाकारणे हे न स्वीकारण्याजोगे, आणि त्याला ठार मारणे हे क्षमा न करण्याजोगे. त्यातला ‘वारंवार’ माझ्या नजरेतून सुटत नाही. एप्रिलमध्ये त्यांनी ‘गैरवापर’ हा शब्द उलटवला होता, सप्टेंबरमध्ये ‘वारंवार’ उलटवला. वारंवार येतो तो कैदी, असे सगळे म्हणत होते. वारंवार नाकारतो आहोत ते आपण, असे त्यांनी म्हटले. निवृत्ती त्यांनी जूनमध्येच जाहीर केली होती, आणि वारस अजून रुजू व्हायचा होता, म्हणून ते तिथे होते. २५ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे जॉर्जियाच्या विजेच्या खुर्चीत मॅकक्लेस्कीचा अंत झाला.

फल म्हणावे तर त्या निकालपत्राला काहीच मिळाले नाही. उलट दार आणखी आवळले. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटी बाँबस्फोटात १६८ माणसे मेली, आणि त्या संतापाच्या लाटेत पुढच्या एप्रिलमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. दहशतवाद आणि परिणामकारक मृत्युदंड असे दोन्ही शब्द त्याच्या नावातच आहेत. त्यानुसार पहिल्या याचिकेतला मुद्दा दुसरीत आणला तर तो थेट फेटाळायचा. नवा मुद्दा आणायचा तर सर्वोच्च न्यायालयाने पूर्वलक्षी ठरवलेला नवा घटनात्मक नियम दाखवा. नाहीतर कसोशीने शोधूनही आधी न सापडणारी अशी वस्तुस्थिती दाखवा, की जी पाहून कोणताही समंजस माणूस तुम्हाला दोषी ठरवणार नाही. तेही अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी परवानगी दिली तर. परवानगी नाकारली तर त्यावर अपील नाही, फेरविचाराचा अर्ज नाही. दाबलेल्या २१ पानांसाठी या चाळणीत भोकच नाही, कारण ती पाने निर्दोषपणा सिद्ध करत नाहीत. त्याच वर्षी, पुन्हा जॉर्जियातूनच आलेल्या फेल्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा एकमताने उचलून धरला. २०२३ मध्ये ‘जोन्स विरुद्ध हेंड्रिक्स’ खटल्यात बंधने आणखी एका दिशेने घट्ट झाली. कृत्य कायद्याने गुन्हाच नव्हते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने पुढे लावला, तरी तेवढ्यावर संघीय कैद्याला दुसऱ्यांदा येता येणार नाही. बहुमताचे ते निकालपत्र न्या. क्लॅरेन्स थॉमस यांचे. १९९१ च्या ऑक्टोबरात मार्शल यांच्या रिकाम्या जागी आले ते हेच.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या गुलाम सरवर खटल्यात, एकदा निकाल लागला की तोच वाद पुन्हा नाही, हे तत्त्व हेबिअसच्या अर्जाला लावायला नकार दिला. त्यामागचा खटला स्थानबद्धतेचा होता, शिक्षेचा नव्हे. तेव्हा दोन देशांची सरळ तुलना करू नये. पण माणसाची कैद रोज नव्याने घडत असते, म्हणून तिच्याविरुद्धची तक्रारही शिळी होत नाही, ही जाणीव त्यात आहे. मार्शल यांच्या पानांत मला तीच दिसते.

आता पॉवेल. १९८७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी मॅकक्लेस्कीचा पहिला अर्ज फेटाळणारे निकालपत्र त्यांचे होते. त्या पाचांपैकी एकाचे मत फिरले असते तर निकाल फिरला असता. त्यानंतर लगेच पॉवेल निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी आले ते केनेडी. १९९१ च्या उन्हाळ्यात त्यांच्या चरित्रकाराने त्यांना विचारले, एखाद्या खटल्यातले मत आज बदलावेसे वाटते का? पॉवेल यांनी एकच नाव घेतले: मॅकक्लेस्की विरुद्ध केम्प. तेव्हा मॅकक्लेस्की जिवंत होता. ते चरित्र छापून आले १९९४ साली.